गुरगुऱ्या आणि भोंग्याची गाडी

मी एक जुना पंप आहे. पाणी चढवणारा नव्हे, सायकलच्या चाकात हवा भरणाराही नव्हे. मी माणसाच्या घशात साचलेला कफ ओढून काढतो. नाक मुरडलंत? मुरडा, मला सवय आहे. पण मित्रांनो, हे वाचता वाचता एकदा खोकून बघा. जमलं ना? काही माणसांना एवढंही जमत नाही. त्यांच्या छातीत तेवढा जोरच उरलेला नसतो. मग लाळ आणि कफ घशात साठतो, श्वासाची वाट अडते, आणि बाहेरून कोणाला तरी ती मोकळी करून द्यावी लागते. ते काम माझं.

गोष्ट गोड नाही, आधीच सांगतो. गोड बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांतला एक तर भोंग्याच्या गाडीवरच बसला होता. त्याची पाळी येईल.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखाली, एका लांबलचक कारखान्यात झाला. पोटात मोटार, डोक्यावर मूठ, पुढे घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यात एक काटा, बाजूला झाकणाची बरणी आणि बरणीतून निघालेली लवचीक नळी. अगदी शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. ती माझं बटण दाबायची आणि नळीच्या तोंडावर अंगठा धरायची. तोंड बंद झालं की आतली ओढ वाढते आणि काटा सरसर चढतो. चढला तर पंप चांगला, नाही चढला तर परत मागच्या टेबलावर. माझ्या नळीवरून तिनं अंगठा सोडवला तेव्हा 'पुक्' असा आवाज झाला. शेजारणीला म्हणाली, "हा मेला चावरा आहे गं. हा टिकणार." माझं पहिलं कौतुक ते.

पुढची वर्षं दवाखान्यात गेली. या पलंगावरून त्या पलंगापाशी, चाकं लावलेल्या टेबलावर बसून मी हिंडायचो. सिस्टर एकमेकींना सांगायच्या, "तो जुना आण, तो नीट ओढतो." मग नवे पंप आले. पांढरे, बसके, आवाज न करणारे. माझा आवाज म्हणजे दगडी रस्त्यावरून बादली फरफटत नेल्यासारखा. मला उचलून जिन्याखाली टाकलं. तिथं एक तीन पायांचं स्टूल होतं, फुटक्या कुंड्या होत्या आणि उंदीर होता. ज्यानं माणसांच्या तोंडातून मरण ओढून काढलं, त्याच्या वायरीवर त्या उंदरानं दात घासले. निवृत्तांचा सत्कार जगभर असाच होत असावा.

तिथून मला बाहेर काढलं ते एका बापानं. हे बाबा बसच्या डेपोत गाड्या धुवायचे. त्यांच्या पोरीला दवाखान्यातून घरी सोडत होते आणि घरी पंप लागणार होता. नवा घेणं हातात नव्हतं. एका सिस्टरनं जिन्याखाली बोट दाखवलं.

पोरीचा मामा विजेची कामं करायचा. त्यानं मला जमिनीवर मांडून उघडलं, वायर बदलली, मोटारीला वंगण दिलं, आत एक बॅटरी बसवली आणि बटण दाबलं. मी सुरू झालो तशी खिडकीवरची कबुतरं उडाली.

"भाऊजी," मामा म्हणाला, "पंप आणलात की ट्रॅक्टर?"

"ओढतो का ते सांग."

"ओढेल हो. पण शेजारी घर सोडून जातील."

खुर्चीत बसलेली पोरगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिला एका वाक्यासाठी दोन श्वास लागायचे. पहिल्या श्वासात ती म्हणाली, "हा गुर..." आणि दुसऱ्यात, "...गुऱ्या."

झालं बारसं. गुरगुऱ्या.

पोरगी शाळेत जाण्याच्या वयाची होती. शाळा मात्र जिन्यांची होती. तिच्या अंगातले स्नायू हळूहळू विझत चालले होते. आधी पाय गेले, मग पाठ, मग हात कोपरापर्यंत. आजाराचं नाव इतकं लांब की मामा म्हणायचा, "हाक मारून होईपर्यंत आजार कंटाळून निघून जायला हवा." डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा लाखात एखाद्याला होतो. पोरगी म्हणाली, "म्हणजे मी... पहिली आले." डॉक्टर हसले नाहीत. आई हसली आणि मग बाहेर जाऊन उभी राहिली.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. ते घर कानांवर चालायचं.

कफ साठू लागला की पोरीच्या घशातून अगदी बारीक आवाज यायचा. तळाशी थोडं पाणी उरलेल्या पेल्यात कोणी फुंकर घालावी तसा. तो आवाज आला की मला सुरू करायचं, नळी तोंडात सोडायची, कफ ओढायचा, आणि पोरगी पुन्हा गुलाबी. आवाज चुकला तर पोरगी आधी पांढरी, मग निळी. हाक मारणं तिला जमत नसे, कारण हाक मारायला जो श्वास लागतो तोच अडकलेला. एकच खूण तिच्या हातात होती. खुर्चीच्या दांड्यावर टेकलेला तळवा ती मनगटापासून वर उचलायची. बस, तेवढंच. पण आई त्या खुणेपर्यंत वेळच येऊ द्यायची नाही. तिला आवाज आधी कळायचा. स्वयंपाकघरात पाठ करून उभी असली तरी कळायचा. झोपेत कळायचा.

म्हणून त्या घरानं आवाज सोडला होता. आई पूर्वी मशीनवर सदरे शिवायची. मशीनची खडखड आड येते म्हणून तिनं मशीनवर चादर घातली आणि काज करायचं, बटणं लावायचं हातकाम धरलं. त्यात मिळकत निम्मी आणि डोळ्यांना त्रास दुप्पट. बाबांचा आवाज मुळात डेपोतला, गाडीच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा. ते घरात कुजबुजायला शिकले. त्यांची करकरणारी चप्पल दाराबाहेरच राहायची. किटलीची शिट्टी मामानं काढून टाकली होती. दाराच्या बिजागऱ्यांना तेल, पंख्याला तेल. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे भांडण तरी होतं का हो कधी?" आई म्हणायची, "होतं की. हातवारे करून."

सगळ्यांत मोठा आवाज त्या घरात माझाच. आणि रोज सकाळी आई पहिलं काम काय करायची? माझं बटण दाबून नळीच्या तोंडावर अंगठा. काटा चढला की सोडायची. पुक्. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. मला कारखान्यातली ती बाई आठवायची.

मित्रांनो, माझी मान ताठ होती तेव्हा. एक दिवस मामा गमतीनं म्हणाला, "ताई, हा बिघडला तर?" आईनं माझ्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "असं बोलू नकोस. घरातला आहे तो." दवाखान्यातल्या एवढ्या वर्षांत मला कोणी घरातला म्हटलं नव्हतं.

पण आई झिजत चालली होती. झोपेतही जागा असलेला कान झोपेचं नुसतं नाव लावतो. ती उभ्या उभ्या डुलायची. एकदा सुई बोटात आरपार गेली आणि तिला ते उशिरा कळलं.

अशात एका संस्थेच्या ताई घरी आल्या. कडक इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र, सोबत दोन कार्यकर्ते. दुर्मिळ आजारांच्या कुटुंबांसाठी त्यांची संस्था पदयात्रा काढणार होती. या गावातून निघायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा, दिवेलागणीला पलीकडच्या गावात पोचायचं. चालणाऱ्यांच्या मागे प्रायोजक उभे राहणार. जितकं अंतर तितकी मदत. त्यातून शिकलेल्या परिचारिका ठेवायच्या. त्या आळीपाळीनं एकेका घरी रात्रभर बसतील आणि आयांना झोपू देतील.

"झोपू देतील?" आईनं विचारलं.

"पूर्ण रात्र."

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. भुकेल्यासमोर पान मांडावं तसं.

"फक्त एक आहे," ताई म्हणाल्या. "प्रायोजकांचा आग्रह आहे, कुटुंबं शेवटपर्यंत चालली पाहिजेत. लोकांना ते भिडतं. निम्मी कुटुंबं मधेच बसली तर ते मागे हटतील, आणि मग कोणालाच काही नाही."

वा! ज्यांच्या पायांत जोर नाही त्यांनाच चालायला लावायचं, आणि ते किती चालतात ते बघून दया मापायची. ही अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला कोणी विचारलं नाही की बाबा रे, द्यायचं तर असंच दे की! आईनंही विचारलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खोटं आहे. असते. पण ती दाताखाली धरून गप्प बसावं लागतं.

"चालू आम्ही," आई म्हणाली.

"मी पण," पोरगी म्हणाली. "पाय बाबांचे... श्वास गुरगुऱ्याचा."

निघालो त्या सकाळचं खोटं सांगणार नाही. सकाळ फार चांगली होती. खुर्ची बाबा ढकलत होते. खुर्चीच्या पाठीला, खालच्या बाजूला, मी पट्ट्यानं बांधलेला. आई पोरीच्या कानाशी चालत होती. मामा सुट्या नळ्यांची पिशवी घेऊन पुढे-मागे करत होता. रस्ता मोकळा आणि शांत. शेतावरून वारा येत होता. पोरीनं आयुष्यात एवढा लांब रस्ता पाहिला नव्हता. दवाखाना आला की तिचा रस्ता संपायचा.

"आई, हा... संपतच नाही," ती म्हणाली, आणि ते तिला फार आवडलं.

"मामा," थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुझं पोट... आधी पोचेल."

"पोचू दे," मामा म्हणाला. "जागा धरून ठेवेल आपल्यासाठी."

वाटेत दोनदा आईला आवाज कळला. दोन्ही वेळा खुर्ची बाजूला घेतली, मी गुरगुरलो, काम झालं. चालणारे लोक माना वळवून झाडं बघू लागले. ज्यांच्यासाठी चालत होते त्यांचा कफ मात्र त्यांना बघवत नव्हता. ऊन चढलं तशी त्यातली बरीच मंडळी संस्थेच्या गाड्यांत जाऊन बसली. त्यांच्यावर शेवटपर्यंत चालण्याची अट नव्हती.

पुलाच्या तोंडाशी सगळे थांबले. छायाचित्रकार तिथं होते. ताई धावत आल्या.

"आयांनी पुढं यायचं, बॅनर धरायला. मुलं मागे, खुर्च्यांत. आया मुलांना ओढून नेतायत असं दिसलं पाहिजे."

"मी तिच्याजवळच चालते," आई म्हणाली.

"अहो, फक्त पूल संपेपर्यंत! तुमचीच मुलगी सगळ्यांत हसरी आहे. तिला मधे घेतोय आपण."

आईनं मागे वळून अंतर बघितलं. दहा-बारा पावलं. तिच्या कानाला ते काहीच नव्हतं. स्वयंपाकघरातून पलंग याच्याहून लांब होता. आणि पुलावर त्या घडीला एवढी शांतता होती की खाली पाणी खडकाला घासल्याचं ऐकू येत होतं.

"मला येतं ऐकू," ती बाबांना म्हणाली. "मी आहे."

तिनं बॅनरची काठी धरली. मामाला ताईंनी पाण्याच्या बाटल्या आणायला पिटाळलं. एका कार्यकर्त्यानं पोरीच्या डोक्यावर प्रायोजकाची टोपी घातली. ती मोठी होती, तिचं टोक भुवयांच्या खाली उतरलं. दुसऱ्यानं खुर्चीच्या पाठीला प्रायोजकाचा मोठा झेंडा बांधला. त्या झेंड्याआडून बाबांना पोरीच्या डोक्याचा शेंडासुद्धा दिसेना.

यात कोणी दुष्ट होता का? नव्हता. हाच तर माझा संताप आहे. दुष्टाला ओळखता येतं, त्याच्यावर नजर ठेवता येते. हौशी माणसाचं काय करायचं?

पावलं पडली आणि मागून ती गाडी आली. चारी कोपऱ्यांना चार भोंगे, मधे ढोल घेतलेली पोरं आणि खुर्चीवर बसलेला एक भोंगेवाला. गाडी आमच्या बाजूनं पुढे सरकली आणि बॅनर व खुर्च्या यांच्या मधोमध शिरली.

"चला, चला, चला! एक पाऊल आशेचं!"

ढोल सुरू झाले. पुलाचा कठडाही थरथरू लागला. आईनं वळून बघितलं. मधे अख्खी गाडी. तिनं हात वर करून भोंगेवाल्याला खूण केली, कमी कर, कमी कर. त्यानं बघितलं आणि आणखी जोरात ओरडला, "बघा, आयांमध्ये काय जोश आहे!"

बाकीच्या बायकांनी बॅनर धरून चालणं चालूच ठेवलं होतं, त्यांच्या मागून गाडी, गाडीच्या मागून आम्ही. आणि मग मला ते ऐकू आलं. मी पोरीच्या पाठीला टेकलेला होतो, कानानं नाही, खुर्चीच्या लोखंडातून आलं. पेल्याच्या तळाशी फुंकर. एकदा. दुसऱ्यांदा. मग ती फुंकर जड झाली.

पोरीनं तळवा उचलला.

पुलाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. त्यांना टोपीखालचं तोंड दिसत नव्हतं. दिसला तो उचललेला चिमुकला हात. "अय्या, हात हलवतेय!" कोणीतरी ओरडलं. आणि सगळ्यांनी हात हलवले. अख्ख्या पुलानं तिला हात हलवले! छायाचित्रकार गुडघ्यावर बसला. "छान, बाळा! असाच ठेव! अजून थोडा वर!"

तिनं ठेवला. जेवढा वेळ ठेवता आला तेवढा ठेवला.

बाबा झेंड्यामागे ढकलत होते. लोक हसतायत, हात करतायत, म्हणजे पोरगी खुशीत असणार. त्यांनीही हसून लोकांना मान डोलावली.

मित्रांनो, माझ्या अंगात बॅटरी पुरी भरलेली होती. नळी साफ होती. काटा सकाळीच चढून दाखवला होता. पोरीच्या घशापासून हातभर अंतरावर मी लटकत होतो.

आईनं काठी टाकून दिली. गाडीच्या बाजूच्या फटीतून, कठड्याला अंग खरचटून घेत ती मागे आली. पोरीचा हात तेव्हा खाली पडला होता. आईनं टोपी उडवली आणि मला सुरू केलं. मी ओढलं. माझ्यात होती नव्हती ती सगळी ताकद लावून ओढलं. बरणी भरली. पोरीचा रंग परत येईना. भोंगा चालूच होता. "एक पाऊल आशेचं!"

रुग्णवाहिका यात्रेच्या मागेच होती. तिच्यात नवा पंप होता, पांढरा, आवाज न करणारा. पोरीला उचललं, आई चढली. "एकच जण," आतला माणूस म्हणाला आणि दार लागलं. खुर्ची पुलावर राहिली. खुर्चीला बांधलेला मी राहिलो. आणि बाबा राहिले.

बाबा मोकळ्या खुर्चीला धरून उभे होते. ताई आल्या. त्यांचेही डोळे भरले होते, ते मी नाकारत नाही.

"ती चांगल्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही... तुम्हाला जमेल का पुढे चालायला? तीन कुटुंबं आधीच थांबलीयत. तुमचं थांबलं तर निम्मी होतील, अट मोडेल. बाकीच्या आयांचं काय सांगू मी?"

बाबा भोळे होते. त्यांना वाटलं, पोरगी गाडीत आहे, आई तिच्याजवळ आहे, आता आपल्या हातात एवढंच उरलंय. ते चालायला लागले. मामा बाटल्या घेऊन आला आणि त्यानं मोकळी खुर्ची बघितली. त्याच्या हातातून बाटल्या सुटल्या. "भाऊजी, कुठं चाललात? भाऊजी!" कोणीतरी रुग्णवाहिका गेली त्या वाटेकडे बोट दाखवलं. मामा दवाखान्याकडे धावला. बाबा मोकळी खुर्ची ढकलत पुलावरून उतरले, पलीकडच्या रस्त्याला लागले, ऊन उतरेपर्यंत चालले. लोक मोकळ्या खुर्चीकडे बघून आणखी जोरात टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटत होतं हे काहीतरी प्रतीक आहे.

पलीकडच्या गावात फुग्यांची कमान होती. बाबा तिच्याखालून गेले. कोणीतरी खुर्चीच्या दांड्याला पदक अडकवलं. पदक हलत असतानाच बाबांचा फोन वाजला.

मामा होता. बाबांनी भोंग्यामुळे दुसरा कान बोटानं बंद केला. "काय? मोठ्यानं बोल. काय?" मामाला ती गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागली.

घरी आल्यावर आईनं बाबांना एकच विचारलं. "तुम्ही चालत होतात?"

बाबांनी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. हातवाऱ्यांनीही नाही. बाबांची चप्पल आता घरात यायची, करकरत. कोणी बाहेर काढ म्हणायचं नाही. एक दिवस आईनं शिवणयंत्रावरची चादर काढली आणि खडखड सुरू केली. आता आड येण्यासारखं काय उरलं होतं? पण ती दर दोन टाक्यांनी थांबायची. मान तिरकी करायची. ऐकायची. मग पुन्हा पाय चालवायची.

मला कपाटाच्या तळाशी ठेवलं. वर तिचे कपडे. सकाळचा अंगठा बंद झाला.

संस्थेच्या परिचारिका सुरू झाल्या. अट पुरी झाली होती ना! घरोघरच्या आया आळीपाळीनं झोपू लागल्या, आणि मला त्यांचा राग नाही; त्यांची झोप खरी आहे. आमच्या घरापुरतं ते वरातीमागून घोडं. आईला आता हवी तेवढी झोप मोकळी होती. ती रात्र रात्र जागी असायची. मला कपाटात कळायचं, कारण मीही जागाच.

वर्ष फिरलं तशा ताई पुन्हा आल्या. हातात गुंडाळलेलं पोस्टर. त्यांनी ते शिवणयंत्रावर उलगडलं. कपाटाचं दार अर्धं उघडं होतं, मला दिसलं. पूल, टोपी आणि उचललेला तळवा. खाली मोठी अक्षरं: 'ती हात करून बोलावते आहे. तुम्ही येणार ना?'

"तिच्या आठवणीला," ताई म्हणाल्या. "बघा ना, किती आनंदात आहे."

आईनं पोस्टरच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. मला वाटलं, आता ही फाडणार.

"यंदा भोंगा आहे का?" तिनं विचारलं.

"आहे ना! यंदा मोठा आहे."

"येते मी."

ताई खुश होऊन गेल्या. तुम्ही दोन शब्द बोलाल ना, असंही विचारून गेल्या. आई हो म्हणाली. बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "कशाला जातेस?" ती म्हणाली, "तुम्ही खुर्ची ढकललीत ना शेवटपर्यंत? माझं राहिलंय."

तिनं मला बाहेर काढलं. धूळ पुसली. मामाला बोलावून बॅटरी बदलून घेतली. मग बटण दाबलं आणि नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला. काटा चढला. पुक्. मामा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

यंदाच्या यात्रेत एक मिशीवाला तरुण होता, त्याला तोच आजार, त्याची खुर्ची त्याची थोरली बहीण ढकलत होती. त्यांच्याकडे पंप होता, पण त्याची बॅटरी तासाभरात मान टाकायची. आईनं मला त्यांच्या खुर्चीला बांधलं. "हा घ्या," ती बहिणीला म्हणाली. "ओरडतो फार, पण घरातला आहे." तो तरुण माझ्याकडे बघून म्हणाला, "माझ्या आत्याहून... मोठा आवाज... आहे का?"

पुलाच्या तोंडाशी तसेच सगळे थांबले. तीच गाडी, तेच ढोल, भोंगे मात्र सहा. सगळीकडे तिचा हात, पोस्टरवर, टोप्यांवर, बिल्ल्यांवर. ताईंनी आईच्या हातात माईक दिला. लोक डोळे पुसायच्या तयारीत उभे राहिले.

आईनं माईक भोंगेवाल्याच्या मांडीवर ठेवला. कमरेच्या पिशवीतून कापड कापायची कात्री काढली. गाडीच्या मागून जाड काळी वायर भोंग्यांकडे जात होती. ती तिनं मुठीत धरली.

"अहो बाई! काय करताय?" भोंगेवाला उठला. "लोक जमलेत एवढे! यात्रा कशी काढायची मग?"

"पायांनी," आई म्हणाली, आणि कापली.

गलका झाला. कोणी म्हणालं हिला आवरा, कोणी म्हणालं दुःखानं फिरलीय. ताईंचा चेहरा उतरला. प्रायोजक समोर उभे होते. आईनं पोस्टरवरच्या हाताकडे कात्री रोखली.

"ही तुम्हाला बोलावत नव्हती," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "गुदमरत होती. ही खूण आहे आमच्या घरातली. माझा श्वास अडकलाय, पंप आणा, अशी. तुम्ही सगळ्यांनी टाटा केलात."

ढोलवाल्या पोरांनी हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. ताईंनी तोंडावर हात धरला. एका प्रायोजकानं डोक्यावरची टोपी काढली, दुसरा गाडीत जाऊन बसला. पुढच्या वर्षी ते पैसे देतील की नाही, मला माहीत नाही. आईनं त्याची पर्वा केली असंही मी म्हणणार नाही.

"आता चला," ती म्हणाली.

पूल चालू लागला. नुसत्या पायांचा आवाज. चाकांची किरकिर. खाली पाणी. आई बॅनर धरायला गेली नाही, तरुणाच्या खुर्चीपासून चार पावलं बाजूला चालत होती, मान किंचित तिरकी. पुलाच्या मधोमध, जिथं गेल्या वर्षी कठड्याला तिचं अंग खरचटलं होतं, तिथं ती एकदम म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले. बहिणीला अजून काही कळलं नव्हतं. मिशीवाल्यानं हातही उचलला नव्हता. मला मात्र कळलं होतं, लोखंडातून. पेल्याच्या तळाशी फुंकर.

आई माझ्यापाशी आली आणि तिनं बटण दाबलं.

आता मी त्या तरुणाकडे असतो. त्याची आत्या खरंच माझ्याहून मोठ्यानं बोलते. तो चालला तर चालेन, थांबला तर थांबेन. आमची पोरगी परत येणार नाही, आणि तिची गोष्ट ऐकून तुमचं भलं होईल म्हणून ती गेली, असंही कोणी मला सांगू नये. ती गेली कारण माणसं कानांत तेल घालून तिच्यासाठी चालत होती.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, पुसून ठेवा, वापरा हे सांगायला मी आलो नाही. मी टिकतो, तसाच टिकलोय. मला एवढंच सांगायचं आहे: कोणासाठी काही करायला निघालात तर आधी त्याच्या जवळ जा आणि गप्प बसा. हात वर दिसला की लगेच हात हलवू नका. टोपी वर करून तोंड बघा.

माझं बटण बाहेरच्या बाजूला आहे. ते दुसऱ्या कोणाला तरी दाबावं लागतं.